दुसऱ्या कौलाचा प्रश्न

युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल ब्रिटिश मतदारांनी दिला तो २३ जून २०१६ रोजी, आणि तो देश संघातून प्रत्यक्ष बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० रोजी. वाद कायमचा मिटावा म्हणून हा कौल घेण्यात आला होता. वाद मात्र मिटलेला नाही. गेली काही वर्षे तेथील लोकमताच्या चाचण्यांत बाहेर पडलो ही चूक झाली असे म्हणणारांची संख्या, झाले ते योग्यच झाले असे म्हणणारांपेक्षा सातत्याने अधिक भरत आली आहे. तेव्हा लोकांना पुन्हा एकदा विचारा, असे एक पक्ष म्हणतो. लोकांनी एकदा सांगितले तेवढे पुरे, असे दुसरा पक्ष बजावतो. दोघेही लोकशाहीचीच शपथ घेतात. कौल देणारी जनता आपला कौल फिरवू शकते काय, आणि फिरवावयाचा तर केव्हा, या प्रश्नाला कोठेतरी सरळ उत्तर असले पाहिजे. ब्रिटनने ते शोधण्याची एक उत्तम संधी २०१९ साली हातची घालविली असे आमचे मत आहे. असा कौल आपल्या दाराशीही एकदा घेतला गेला होता. त्याकडे आम्ही पुढे वळूच.

प्रथम ‘एकदा सांगितले ते सांगितले’ या युक्तिवादाचा विचार करू. तो दिसतो तितका निर्दोष नाही. हुजूर पक्षाच्या हीथ सरकारने १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारपेठेत नेले, ते मतदारांना न विचारता. पुढे मजूर पक्षाचे मुख्य प्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ५ जून १९७५ रोजी राहावयाचे की निघावयाचे असा कौल घेतला आणि ६७ टक्के मतदारांनी राहावयाचे असे सांगितले. एकदा दिलेला कौल अखेरचा असता, तर २०१६ चे मतदान व्हावयासच नको होते. म्हणजे ज्याला आज ‘दुसरा कौल’ म्हणून नाके मुरडली जातात, तो वास्तविक तिसरा ठरेल. बरे, निकालाविषयीची ही निष्ठाही निकाल लागल्यावर उपजलेली होती. संघातून निघण्याच्या चळवळीचे अध्वर्यू श्री. नायजेल फराज यांनी मतदानापूर्वीच सूचित करून ठेवले होते की, ५२ विरुद्ध ४८ असा निसटता निकाल आपल्याविरुद्ध लागला तर प्रकरण संपले असे आपण मानणार नाही. निकाल ५२ विरुद्ध ४८ असाच लागला. फक्त तो त्यांच्या बाजूने लागला. फेरमतदानाची मागणी करणाऱ्या ज्या अर्जावर निकालानंतर चाळीस लाखांहून अधिक सह्या पडल्या, तो अर्जही एका संघविरोधकानेच, आपली हार होणार या धास्तीने, मतदानाच्या महिनाभर आधी पार्लमेंटकडे गुदरलेला होता! हार-जितीची बाजू पालटताच तत्त्वांनीही बाजू पालटावी, हा अनुभव आपणांसही अपरिचित नाही.

कौल म्हणजे ‘जनतेचा’ कौल. पण जनता कोण, हेही मतदारयादीच ठरविते. २०१६ साली ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना मताधिकार होता. युरोपीय संघातील नागरिकांना, आयर्लंड, माल्टा व सायप्रस हे अपवाद सोडल्यास, तो नव्हता. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त लंडनला गेलेला आपला एखादा अभियंता ब्रिटनने युरोपात राहावे की नाही यावर मत देऊ शकत होता, आणि बारा वर्षे तेथील रुग्णालयात राबलेली, परंतु ब्रिटिश नागरिकत्व न घेतलेली पोलिश परिचारिका, जिचे सारे भवितव्य या निकालावर टांगलेले होते, ती मात्र देऊ शकत नव्हती. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेले ब्रिटिश नागरिकही वगळलेले होते. स्कॉटलंडच्या २०१४ च्या कौलात सोळा वर्षांच्या मुलामुलींना मत होते, येथे नव्हते. साऱ्या याद्यांत कोठे ना कोठे रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण १,७४,१०,७४२ विरुद्ध १,६१,४१,२४१ असा निकाल लागतो, सुमारे पावणेतेरा लाखांच्या फरकाने एका राष्ट्राची दिशा बदलते, तेव्हा ती रेघ कोणी आणि कोठे ओढली हे विसरून ‘जनतेची आज्ञा’ या शब्दांचा घोष करणे शहाणपणाचे नव्हे.

तथापि आमचा मुख्य आक्षेप यादीवर नाही, विचारलेल्या प्रश्नावर आहे. मतपत्रिकेवर दोन पर्याय होते: संघाचे सदस्य म्हणून राहावे, अथवा संघ सोडावा. पैकी पहिल्याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता, कारण लोक त्या स्थितीत चाळीस वर्षांहून अधिक काळ राहात आले होते. दुसऱ्याचा अर्थ कोणासच ठाऊक नव्हता. संघ सोडून नॉर्वेप्रमाणे युरोपच्या एकसंध बाजारात राहावयाचे? की बाजार सोडून जकातीपुरती एकी ठेवावयाची? की सारेच धागे तोडून मोकळे व्हावयाचे? घर सोडावे काय असे विचारले, जावयाचे कोठे ते सांगितले नाही. ज्याला परदेशी मजुरांची आवक थांबावी असे वाटत होते त्याने त्या शब्दात ते वाचले. ज्याला जगभर मुक्त व्यापार हवा होता त्याने ते वाचले. आणि ज्याला लंडनच्या राज्यकर्त्यांना एकदा चांगली अद्दल घडवावयाची होती, त्याला तर त्यात बरेच काही दिसले. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक यांच्यामधील सुमारे पाचशे किलोमीटरच्या सीमेवर जकातीची नाकी पुन्हा उभारावी लागतील काय, या सर्वांत अवघड प्रश्नाची तर इंग्लंडातील प्रचारसभांतून फारशी वास्तपुस्तही झाली नाही.

आमची काही वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. परीक्षेत एखादा प्रश्न अपुरा छापला गेला, म्हणजे मुले आपापल्या समजुतीप्रमाणे तो पुरा करून घेतात आणि चाळीस मुलांची चाळीस तऱ्हांची उत्तरे येतात. प्रत्येकाचे उत्तर त्याच्या परीने बरोबरच असते. मग तपासणाराने करावे काय? ब्रिटनच्या पार्लमेंटपुढे पुढली साडेतीन वर्षे हाच पेच होता.

या पेचाची कथा येथे साऱ्या तपशिलाने सांगण्याचे कारण नाही. श्री. कॅमेरॉन निकालानंतर पायउतार झाले. श्रीमती थेरेसा मे मुख्य प्रधान झाल्या आणि २९ मार्च २०१७ रोजी त्यांनी संघाला निर्गमनाची रीतसर नोटीस दिली. नोटिशीची मुदत दोन वर्षांची. आपल्याला नेमके काय हवे हे मंत्रिमंडळातही ठरण्याआधीच घड्याळ चालू झाले. मुहूर्त आधी काढला आणि वधू शोधावयास मंडळी मागाहून निघाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सहाशेच्या जवळपास पृष्ठांचा करार तयार झाला. १५ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्स सभेने तो ४३२ विरुद्ध २०२ अशा मतांनी फेटाळला. सरकारचा एवढा दणदणीत पराभव आधुनिक काळात त्या सभागृहाने पाहिला नव्हता. १२ मार्चला तो पुन्हा पडला. २९ मार्चला त्याचा मुख्य भाग तिसऱ्यांदा मांडला गेला, तोही पडला.

दरम्यान सभापती श्री. बर्को यांनी १६०४ सालापासूनच्या एका संकेताची आठवण सभागृहास करून दिली: एकाच अधिवेशनात तोच ठराव, त्यात तत्त्वतः काही बदल झाल्यावाचून, पुन्हा मांडता येत नाही. हा संकेत आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. तो पुन्हा विचारण्यास बंदी करीत नाही. तेच पुन्हा विचारण्यास बंदी करतो. प्रश्नाचे स्वरूप पालटले असेल, नवी वस्तुस्थिती पुढे आली असेल, तर सभागृहाला फेरविचार करता येतो. जो नियम सभागृहाला शोभतो तो मतदारांना का लागू पडू नये? सभासदांपुढे एकच करार तीनदा ठेवणे चालते, मग लोकांपुढे तो एकदा ठेवणे का चालत नाही, हा फेरमतदानवाल्यांचा टोला बिनतोड होता. २०१६ साली लोकांपुढे करार नव्हताच. एक शब्द होता. २०१९ साली करार होता. तो मान्य आहे काय, की त्यापेक्षा आहोत तेथेच बरे, असे विचारणे म्हणजे पहिल्या प्रश्नाची पुनरुक्ती खास नव्हती. शिवाय लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्येच निर्वाळा दिला होता की, दिलेली नोटीस ब्रिटनला स्वतःच्या अखत्यारात मागे घेता येईल. दार उघडे होते.

असे असता ती मागणी फसली का? १ एप्रिल २०१९ च्या रात्री कॉमन्स सभेत करारावर लोकांचे मत घ्यावे हा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ अशा मतांनी, म्हणजे अवघ्या बारा मतांनी, पडला. जकातीपुरती एकी ठेवण्याचा प्रस्ताव त्याच रात्री तीन मतांनी पडला. सभागृहाने एकामागून एक साऱ्या वाटा बंद केल्या आणि मग मार्ग सापडत नाही म्हणून कपाळावर हात मारला. पण दोष केवळ सभागृहाचा नव्हता. फेरमतदानाच्या पुरस्कर्त्यांनीही आपले प्रकरण आपल्या हातांनी बिघडविले. करार लोकांपुढे ठेवा ही मागणी करार तयार झाल्यावर केली असती तर ती न्यायाची मागणी दिसली असती. त्यांच्यापैकी अनेकांनी ती निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून आरंभिली, तेव्हा ती हरलेल्या गड्याची कुरकुर दिसली. मतपत्रिकेवर काय छापावयाचे यावरही त्यांचे एकमत होईना. करार आणि राहणे एवढे दोनच पर्याय ठेवावेत, तर कराराविना निघू इच्छिणारा विचारणार की माझा पर्याय कोठे गेला. तीन ठेवावेत, तर मतमोजणी कोणत्या पद्धतीने करावी यावर नवे भांडण. आणि लंडनच्या रस्त्यांवर लाखालाखांचे मोर्चे निघाले, ते दिसावयास भव्य असले तरी जेथे मने वळवावयाची होती तेथे ते पोहोचलेच नाहीत.

ती ठिकाणे कोणती? संडरलंड शहरात ६१ टक्के मतदारांनी संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले. तेथील निस्सान मोटारींचा मोठा कारखाना युरोपच्या बाजारपेठेवर अवलंबून, तरीही दिले. चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये हे प्रमाण ६९ टक्के होते. खाणी आणि गिरण्या बंद पडून ओसाडत चाललेल्या या गावांचे म्हणणे कित्येक वर्षे कोणी ऐकले नव्हते. एकदाच असे मतदान झाले की ज्यात त्यांच्या मताचे वजन लंडनच्या मताइतकेच भरले, आणि लगेच त्यांना सांगण्यात येऊ लागले की, तुम्हांला समजले नाही, पुन्हा या! गिरणगावाचे काय झाले ते पाहिलेल्या आमच्या वाचकांना या अपमानाची जात समजावून सांगावी लागणार नाही. फेरमतदान न्याय्य होते असे आम्ही म्हणतो; पण ज्या तोंडांनी ते मागितले गेले त्यांतील काहींत तुच्छता होती हेही तितकेच खरे आहे, आणि तुच्छतेने मागितलेला न्यायही पदरात पडत नसतो.

पुन्हा विचारण्याचे प्रयोग युरोपात पूर्वीही झालेले आहेत. डेन्मार्कच्या मतदारांनी मास्ट्रिख्टचा करार १९९२ साली निसटत्या मतांनी नाकारला आणि १९९३ साली काही सवलती पदरात पाडून स्वीकारला. आयर्लंडने नीसचा करार २००१ साली नाकारून २००२ साली, आणि लिस्बनचा करार २००८ साली नाकारून २००९ साली मान्य केला. हवे ते उत्तर येईपर्यंत विचारीत राहण्याची ही ब्रसेल्सची खोड आहे, अशी टीका झाली; ती अगदीच निराधार नाही. एवढे मात्र खरे की मधल्या काळात अटींत फेरफार झाले होते, आणि लोकांनी फेरफारासह मान्यता दिली. कॅनडातील क्वेबेक प्रांताचे उदाहरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. १९९५ साली तेथे वेगळे होण्याचा प्रस्ताव एका टक्क्याहून किंचित अधिक फरकाने पडला. त्यानंतर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले की, वेगळे होण्याची बोलणी करावयाची तर आधी स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने उत्तर आलेले असले पाहिजे; २००० साली पार्लमेंटने त्यावर कायदाच केला.

आणि आता गोवा. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, असा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ रोजी घेण्यात आला. तेथे प्रश्न संघ सोडण्याचा नव्हता, शेजारच्या राज्यात मिळण्याचा होता. भारतीय संघराज्याच्या इतिहासातील ती अपवादात्मक घटना. तिच्यासाठी पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला. विलीनीकरणाची खूण फूल आणि केंद्रशासित प्रदेशाची खूण दोन पाने. महाराष्ट्रातील लोकमत फुलाच्या बाजूचे होते, हे सांगावयास आम्हांस संकोच वाटण्याचे कारण नाही; गोमंतकीय मराठीचा अभिमान बाळगणारांना विलीनीकरण हा न्यायाचा प्रश्न वाटत होता. कौल निःपक्ष वातावरणात व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. पोटापाण्यासाठी मुंबईत असलेल्या गोमंतकीयांना मत असावे ही विलीनीकरणविरोधकांची मागणी मान्य झाली नाही. म्हणजे यादीची तक्रार तेथेही होतीच. आणि तरीही निकाल लागला तो असा: दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. आम्ही हरलो होतो.

हा पराभव येथे अनेकांना झोंबला. विलीनीकरणाची भाषा त्यानंतरही काही काळ ऐकू येत राहिली. पण दुसरा कौल घेतला गेला नाही, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले तेव्हा महाराष्ट्राने त्याचे स्वागतच केले. तो निकाल टिकला याचे कारण मराठी माणूस इंग्रजांहून अधिक समंजस आहे, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. पण तो आवरलेला बरा. खरे कारण असे की, मतदाराला दोन्ही पर्याय पुरते ठाऊक होते. महाराष्ट्र राज्य कसे चालते ते डोळ्यांसमोर होते आणि केंद्रशासित कारभार अंगवळणी पडलेला होता. फूल निवडले तर काय होईल, पाने निवडली तर काय होईल, हे पेडण्याच्या शेतकऱ्याला आणि सासष्टीच्या पाद्र्याला सारखेच समजत होते. म्हणूनच जानेवारीत बांदोडकरांचे म्हणणे नाकारणाऱ्या त्याच गोव्याने दोन-अडीच महिन्यांनी त्याच बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्रिपदी बसविले. लोकांनी विलीनीकरण आणि बांदोडकर हे दोन प्रश्न निरनिराळे ओळखले, कारण ते त्यांना निरनिराळे विचारले गेले होते.

ब्रिटनमध्ये याच्या नेमके उलट घडले. कौलाचा पेच कौलाने न सोडविता तो १२ डिसेंबर २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत कोंबण्यात आला. श्री. बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मते आणि ३६५ जागा मिळाल्या. फेरमतदानाचे आश्वासन देणारा मजूर पक्ष २०२ जागांवर आला. जनतेने पुन्हा एकदा निर्णय दिला, असे म्हटले गेले. पण फेरमतदान अथवा संघात राहणे यांच्या बाजूच्या पक्षांची ग्रेट ब्रिटनमधील मते एकत्र केली तर ती निम्म्याहून थोडी अधिकच भरतात. निवडणुकीत रुग्णालये, करभार, श्री. कॉर्बिन यांच्यावरील विश्वास अथवा अविश्वास, आणि या रोजच्या कटकटीचा आलेला वीट, असे सारेच मोजले गेले. करार मात्र वेगळा मोजला गेला नाही.

आता ती वेळ गेली. आज संघात परत जावे काय असा कौल घ्यावयाचा झाल्यास तो २०१९ चा राहून गेलेला कौल नव्हे, तो अगदी नवा प्रश्न होय. परत प्रवेश हवा तर सत्तावीस राष्ट्रांची एकमुखी संमती लागेल. वर्गणीतील सूट, पौंड राखण्याची मुभा, या पूर्वीच्या सवलती जशाच्या तशा मिळतील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात एकसंध बाजारात अथवा जकातीच्या एकीत परतणार नाही असेच म्हटले होते. मे २०२५ मध्ये लंडन येथे संघाशी झालेला समझोताही त्या मर्यादेतीलच होता. जे परत जाण्याची मागणी करतात त्यांनी २०१६ ची चूक उलट्या दिशेने करू नये. ‘परत चला’ हाही ‘बाहेर पडा’ इतकाच मोघम शब्द आहे. आधी अटी ठरवाव्यात, त्या घरोघर पोहोचवाव्यात आणि मग मत मागावे.

असे करणे ब्रिटनला अज्ञात नाही. १९९८ साली उत्तर आयर्लंडमध्ये शांततेचा करार आधी लिहून पुरा झाला, त्याची प्रत घराघरांत गेली आणि मग २२ मे रोजी मतदान झाले. ७१ टक्के लोकांनी होकार दिला. त्याच वर्षीच्या कायद्यात उत्तर आयर्लंडने ब्रिटन सोडून आयर्लंडला मिळावे काय यासंबंधी कौल घेण्याची तरतूद आहे, आणि एक कौल झाल्यावर सात वर्षे उलटल्यावाचून दुसरा घेता येणार नाही, असेही तीत नमूद आहे. स्कॉटलंडचा मामला याहून वेगळा. १८ सप्टेंबर २०१४ च्या कौलात तेथील ५५.३ टक्के मतदारांनी ब्रिटनमध्येच राहावयाचे ठरविले. गोव्याच्या दोन पानांच्या मतांचे प्रमाणही जवळजवळ एवढेच होते. पण युरोपात राहावयाचे तर ब्रिटनमध्ये राहा, असे त्या वेळी स्कॉटिश मतदारांना सांगण्यात आले होते. दोन वर्षांनी ६२ टक्के स्कॉटिश मतदारांनी युरोपात राहण्याच्या बाजूने मत दिले आणि तरीही त्यांना बाहेर नेण्यात आले. वस्तुस्थिती पालटली असेल तर फेरविचार करता यावा, ही कसोटी येथे लागू पडत नाही असे कोण म्हणेल? एका पिढीतून एकदाच येणारी संधी, असे त्या कौलाचे वर्णन खुद्द स्वातंत्र्यवाद्यांच्या पुढाऱ्यांनी केले होते हे खरे. ते त्यांच्या अंगाशी आले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, स्कॉटिश विधिमंडळाला लंडनच्या संमतीवाचून असा कौल घेता येत नाही. उत्तर आयर्लंडसाठी निदान सात वर्षांची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे. स्कॉटलंडसाठी असा कोणताही काळ कोठेही लिहिलेला नाही. पुन्हा केव्हा विचारावयाचे हे, ज्यांचे राज्य त्या कौलात पणाला लागावयाचे, त्या लंडनच्या सरकारच्याच मर्जीवर सोपविलेले आहे.